शरणपूरचा जेकब

आमच्या वाचनमंडळातल्या सहा जणींपैकी चौघींना जेकब आवडला नाही. एक जण पुस्तक मिटत म्हणाली, "हलीमा बोलत होती तोवर मी तिच्या चुलीपाशी बसले होते. जेकब बोलायला लागला आणि कुणीतरी मला वर्गात नेऊन बसवलं." दुसरीचं मत आणखी कडक होतं. हा पोरगा सारखा देवाचं नाव घेतो, स्वतःच्या इंग्रजीवर खूश असतो, बरोबरच्या माणसांना कमी लेखतो; अशा माणसासोबत मी चार कोसही चालणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

पुस्तक होतं झिंबाब्वेच्या लेखिका पेटिना गप्पा यांचं 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट'. २०१९ साली आलेली ही ऐतिहासिक कादंबरी. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी १८७३ साली आफ्रिकेच्या पार आत, समुद्रापासून हजार मैलांवर मरण पावला आणि त्याच्या तांड्यातल्या आफ्रिकन माणसांनी त्याचं प्रेत खांद्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत आणलं, त्या प्रवासाची ही गोष्ट. आधी ती हलीमा सांगते, म्हणजे तांड्याची स्वयंपाकीण, जिभेला हाड नसलेली. मग सूत्रं जेकब वेनराइट नावाच्या तरुणाच्या रोजनिशीकडे जातात. वाचकांच्या आवडीनिवडीची फाळणी होते ती नेमकी या सांध्यावर.

मी त्या दिवशी फारसं बोलले नाही. जेकब आपल्या शाळेचं गाव सांगतो, तिथेच मी अडकले होते. ते गाव नाशिक.

जेकब वेनराइट खरोखर होऊन गेला. तो आफ्रिकेत जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून पकडला गेला, भर समुद्रात सुटला आणि शरणपुरात वाढला. आपल्या शरणपुरात. ज्या रस्त्याने मी रिक्षा करून कॅनडा कॉर्नरला जाते, पोरं कुलकर्णी गार्डनला खेळायला जातात, त्याच रस्त्याला ज्याचं नाव आहे त्या शरणपुरात.

हे नाव आपण पत्ता सांगताना इतकं वापरतो की त्यातलं 'शरण' ऐकू येईनासं झालं आहे. चर्च मिशनरी सोसायटीची माणसं नाशकात १८३२ पासून होती. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर ही वसाहत वसवली. ज्यांना घरात, जातीत, गावात जागा उरली नव्हती त्यांच्यासाठी ते गाव होतं. शाळा होती, अनाथ मुलांना ठेवायची सोय होती, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं जाई. आणि १८६० च्या सुमारास तिथे अशी मुलं येऊ लागली, जी नाशकाने कधी पाहिली नव्हती.

ती कशी आली, हे समजून घ्यायला नकाशा लागतो. आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या न्यासा सरोवराभोवतालची गावं लुटून माणसं पकडली जात. त्यांना किलवासारख्या बंदरापर्यंत चालवत आणायचं, तिथून गलबतात भरून झांजिबारला न्यायचं, तिथल्या बाजारातून पुढे अरबस्तान आणि इराणच्या आखातात पाठवायचं, असा तो व्यापार होता. ब्रिटिश आरमाराच्या बोटी या वाटेवर गस्त घालत. एखादं गलबत पकडलं की त्यात मुलं सापडत. आता या मुलांना सोडायचं कुठे? गाव जळून गेलेलं, वाट शेकडो कोसांची, आणि त्याच किनाऱ्यावर उतरवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडली जाणार. मग बोटी त्यांना एडनला, सेशेल्सला किंवा मुंबईला आणत. मुंबईत उतरलेल्यांपैकी काही घाट चढून शरणपुरात आली.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेलं पोर म्हटलं की मराठी माणसाला मलिक अंबर आठवतो, फार तर जंजिऱ्याचे सिद्दी. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला पहिल्यापासून गड आणि गादी प्रिय. १८७१ मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' आली तेव्हापासून ती वाट मळलेली आहे. मोचनगडाच्या त्याच वर्षी शरणपूरचे काही तरुण कादंबरीत न मावणारा प्रवास प्रत्यक्षात करत होते, हे कळलं तेव्हा मला माझ्याच गावाची नव्याने ओळख झाल्यासारखं वाटलं.

लिव्हिंगस्टनचा आणि आपला संबंधही असाच चकित करणारा आहे. १८६४ साली तो 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट घेऊन झांजिबारहून थेट मुंबईला आला. ती बोट खरं तर सरोवरासाठी बांधलेली, आणि ती घेऊन त्याने ऐन पावसाळ्याच्या तोंडावर हिंदी महासागर ओलांडला. बरोबर चुमा आणि विकातानी ही दोन मुलं होती. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत घातलं. त्याच बोटीवरून आलेले सुसी आणि आमोडा हे दोघं मुंबईच्या गोदीत कामाला लागले. पुढच्या वर्षी तो मुंबईत परतला, आणि नवा तांडा जमवताना त्याला आफ्रिकेतल्या भाषा येणारी, पण लिहू-वाचू शकणारी, हातात कसब असलेली माणसं हवी होती. तशी माणसं होती नाशकात. थळ घाटातून रेल्वे त्याच वर्षी, १८६५ च्या जानेवारीत सुरू झाली होती. शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर जायला तयार झाले.

जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून निघून झांजिबारमार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या तांड्याची यादी वाचावी: मुंबईच्या मरीन बटालियनचे १३ शिपाई, कोमोरो बेटांतल्या जोहानाचे १० जण, नाशिकचे ९, शुपांगाचे २ (सुसी आणि आमोडा), आणि चुमा व विकातानी. शिवाय सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरं, चार गाढवं. म्हशी कशाला? तिथे या साऱ्या कथेची किल्ली आहे. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात त्सेत्से नावाची माशी असते. तिच्या चाव्यातून रक्तात शिरणारा सूक्ष्म जीव बैल, घोडा, गाय यांना मारून टाकतो. हिंदुस्थानातली म्हैस तरी टिकते का, हे लिव्हिंगस्टनला पाहायचं होतं. ती टिकली नाही. जिथे बैल जगत नाही तिथे बैलगाडी नाही. जिथे गाडी नाही तिथे हस्तिदंताचा सुळा असो, कापडाचा गठ्ठा असो, की मेलेला माणूस, सगळं माणसाच्या डोक्याखांद्यावरूनच जायचं. वेनराइट या इंग्रजी आडनावाचा अर्थ गाड्या घडवणारा, आपल्याकडे म्हणू सुतार. मिशनने दिलेलं ते आडनाव घेऊन हा मुलगा अशा मुलखात निघाला होता जिथे गाडीचं चाक फिरत नव्हतं.

पण जेकब त्या पहिल्या नऊ जणांत नव्हता. त्या नवांचं काय झालं ते थोडक्यात सांगते. एक वाटेतच वारला. काही जण कंटाळून, घाबरून तांडा सोडून गेले. लिव्हिंगस्टनने त्यांच्यावर आपल्या वहीत बरंच कडवट लिहिलं आहे. पण १८७० मध्ये तो लुआलाबा नदीकडे निघाला तेव्हा बरोबर फक्त तिघं उरले होते: सुसी, चुमा आणि एडवर्ड गार्डनर. यातला गार्डनर शरणपूरचा. १८७१ मध्ये उजिजी गावात स्टॅन्ली हा पत्रकार लिव्हिंगस्टनला शोधत येऊन भेटला, ती प्रसिद्ध भेट झाली तेव्हाही नाशिकचा माणूस तिथे होता. जगभर छापून आलेल्या त्या भेटीच्या चित्रात आपण त्याला कधी शोधलं नाही.

जेकब आला १८७२ मध्ये. लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी लंडनहून जी मोहीम निघाली तिच्यासाठी नाशकातून सहा जण गेले: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन. ती मोहीम झांजिबारलाच गुंडाळली गेली. हे सहा जण मात्र स्टॅन्लीने पाठवलेल्या तांड्यातून आत गेले आणि ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याला भेटले. म्हणजे जेकबची आणि लिव्हिंगस्टनची ओळख मोजून साडेआठ महिन्यांची. जितके दिवस ओळख, जवळजवळ तितकेच दिवस पुढे त्याचं प्रेत वाहिलं.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या बांग्वेऊलू सरोवराच्या दलदलीपलीकडे, चितांबो या मुखियाच्या गावात लिव्हिंगस्टन खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. तांड्यात साठसत्तर माणसं. साहेब गेला, आज्ञा द्यायला कुणी नाही. तिथेच पुरून सरळ निघून जाणं सगळ्यात सोपं होतं आणि सगळ्यात सुरक्षितही, कारण परक्या मुलखातून प्रेत नेणं म्हणजे गावोगाव संशय, दंड आणि मारामारी. त्यांनी ठरवलं, न्यायचं.

मग त्यांनी जे केलं त्याचा तपशील वाचताना मी दोनदा पुस्तक खाली ठेवलं. झांजिबारला एका डॉक्टरकडे काम केलेला फारिजाला आणि नाशिकचा कारस फरार यांनी प्रेत उघडलं. हृदय आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबने इंग्रजी प्रार्थना वाचली. देहात मीठ भरलं, चेहऱ्याला ब्रँडी लावली, आणि वर आकाश उघडं ठेवलेल्या कुडात चौदा दिवस उन्हात वाळवलं, रोज कूस बदलून. पाय गुडघ्यात मुडपले, म्हणजे लांबी कमी होईल. कापडात गुंडाळलं, झाडाची साल सोलून केलेल्या नळकांड्यात बसवलं, वरून शिडाचं कापड शिवलं, डांबर फासलं आणि दांड्याला बांधलं. निघण्याआधी जेकबने त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. चितांबोकडे पत्र्याची पेटी आणि वर्तमानपत्रं ठेवली, उद्या कुणी गोरा माणूस विचारत आला तर पुरावा म्हणून. आणि सगळ्यांच्या सांगण्यावरून जेकबने सर्वांसमक्ष प्रत्येक पेटी उघडून आतल्या वस्तूंची यादी लिहिली, उद्या कुणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून.

नऊ महिने लागले. अंतर सोळाशे किलोमीटरांहून अधिक, म्हणजे नाशिकहून चालत जवळजवळ कोलकात्यापर्यंत, आणि तेही आजारपण, नद्या, एका गावाशी झालेली लढाई यांतून. ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सल्ला दिला, इथेच पुरा. त्यांनी मानलं नाही. पुढे एका ठिकाणी लोकांनी प्रेत नेऊ द्यायला साफ नकार दिला, तेव्हा या माणसांनी ज्वारीच्या ताटांचं खोटं प्रेत बांधलं, ते मागे परत नेतोय असं दाखवून सहा जणांना उलट्या दिशेने पाठवलं, आणि खऱ्या देहाचा कापडाच्या गठ्ठ्यासारखा गठ्ठा करून पुढे काढला. त्या सहा जणांनी जंगलात शिरून ताटं विखरून टाकली आणि धावत येऊन तांड्याला गाठलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला समुद्र दिसला.

आमच्या मंडळात सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. का नेलं? एक म्हणाली, पगार बुडू नये म्हणून. दुसरी म्हणाली, साहेबाला तुम्हीच मारलंत असा आळ येईल, त्या भीतीने. तिसरीच्या मते कागदांसाठी, कारण वह्या आणि नकाशे परत नेले तरच त्यांच्या सात वर्षांना काही अर्थ. कादंबरीही ही सगळी कारणं समोर ठेवते आणि एकाच उत्तरावर बोट ठेवत नाही. मला तिची तीच गोष्ट सर्वांत आवडली.

मग मी हे सगळं पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीला सांगितलं. ती ऐंशीची आहे, इंग्रजी वाचत नाही. तिने ऐकून घेतलं आणि तिला त्यात कोडं असं काही दिसलंच नाही. "अगं, मग? परमुलखात कसं ठेवायचं त्याला? रामकुंडावर बघ ना, कुठून कुठून येतात लोक मडकं घेऊन."

मी तिच्याकडे बघत राहिले. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि मी नाशिकची. गोदावरीवर रोज माणसं अस्थी घेऊन उतरतात, गाडीने, एसटीने, आणि जेकबच्या काळात कितीतरी चालत. गेलेल्या माणसाला त्याच्या ठिकाणी पोचवायला लांबून यायचं असतं, ही गोष्ट या गावातल्या पोराला कुणी शिकवावी लागत नाही. शरणपुरातल्या मुलाला हिंदूंच्या या रीतीबद्दल मिशनने काय सांगितलं असेल याची कल्पना करता येते. तरी गावात येता-जाता डोळ्यांनी पाहिलेलं डोळ्यांत राहतं. त्याने त्यामुळे प्रेत वाहिलं असा माझा दावा नाही. पण आफ्रिकेतल्या आपल्या पूर्वजांना मानणारी त्या तांड्यातली माणसं, अस्थींचं गाव पाहिलेली शरणपूरची पोरं आणि रामकुंडाशेजारी आयुष्य काढलेली माझी मावशी एकाच गोष्टीवर इतक्या सहज एकमत होतात, याने मी हरखून गेले.

आता जेकबच्या भाषेबद्दल. आमच्यातली सहावी, जिला तो आवडला, ती पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत बरीच वर्षं शिकवत होती. ती शेवटपर्यंत गप्प होती आणि मग म्हणाली, "वसतिगृहात वाढलेली पोरं अशीच बोलतात. पुस्तकातल्यासारखी. कारण त्यांना बोलायला शिकवलं ते पुस्तकानेच." तिच्या या वाक्यानंतर मला कादंबरीतला जेकब नव्याने वाचावा लागला. ज्याची आईची भाषा मध्येच तुटली, किनाऱ्यावर स्वाहिली कानावर पडली, नाशकाच्या रस्त्यावर मराठी नि हिंदुस्थानी, आणि बाकावर बायबल, त्याने स्वतःची म्हणून कुठली भाषा धरायची? त्याने सगळ्यात मजबूत वाटली ती धरली. हलीमाच्या बोलण्यात आजीपणजीच्या म्हणी येतात, कारण आई असल्याचं तिला आठवतं. जेकबला आठवायला प्रार्थनेचं पुस्तक आहे. त्याचा ताठरपणा मला आता अहंकार वाटत नाही. अनाथ मुलगा आपला एकमेव बरा सदरा रोज घालून येतो, तसं ते आहे.

आणि त्याच भाषेमुळे ही गोष्ट उरली. खोडावरचं नाव, पेट्यांची यादी, दफनाची प्रार्थना, रोजनिशी: चौघींना कंटाळवाणं वाटलेलं त्याचं लिहिणं-वाचणं त्या तांड्याला पावलोपावली कामी आलं. त्याच्या खऱ्या रोजनिशीचं जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापलं गेलं. लंडनमध्ये मात्र होरेस वॉलर या संपादकाने लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या वह्या छापताना मृत्यूनंतरची हकिगत घेतली ती चुमा आणि सुसी यांच्या तोंडून. जेकबविषयी वाचकांचे दोन तट कादंबरीच्या आधी जवळजवळ दीडशे वर्षांपासून आहेत.

किनाऱ्यावर पोचल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्याने तांड्याचे पगार चुकते केले आणि सगळ्यांना मोकळं केलं. जेकबला मिशनने तिकीट काढून दिलं, म्हणून देहाबरोबर इंग्लंडला जाणारा तांड्यातला तो एकटा. १५ एप्रिल १८७४ ला 'मालवा' बोट साउथॅम्प्टनला लागली. तीस वर्षांपूर्वी सिंहाने फोडलेलं आणि वेडंवाकडं जुळलेलं दंडाचं हाड पाहून डॉक्टरांनी देहाची ओळख पटवली. १८ तारखेला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देण्याचा मान ज्यांना होता त्यांत स्टॅन्ली होता, लिव्हिंगस्टनचे जुने सोबती डॉ. कर्क होते, आणि शरणपूरचा जेकब होता. चुमा आणि सुसी पोचले तेव्हा अंत्यविधी उरकून गेला होता. थडग्याच्या दगडावर म्हटलं आहे की विश्वासू हातांनी त्याला इथवर आणलं. हातांची नावं दगडावर नाहीत.

शरणपूरच्या बाकीच्यांचा मागही आफ्रिकेतच लागतो. १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली, तो करार घडवायला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर गेले होते. मग प्राइस, शरणपूर वसवणारा तोच प्राइस, मोंबासाला गेला आणि १८७५ मध्ये फ्रिअरटाउन उभं राहिलं, सुटलेल्या गुलामांचं गाव, शरणपुराचं जणू धाकटं भावंड. नाशकात शिकलेले लोहार, सुतार, शिक्षक तिथे गेले. गुलाम धरणारे आले की वाजवायची घंटा तिथे टांगलेली होती. त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. लिव्हिंगस्टनला वाहून आणलेल्यांतला तो शेवटचा.

मावशीने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या जेकबचं?"

मी सांगितलं. तो परत आफ्रिकेत गेला, मिशनच्या कामात राहिला, युगांडाच्या राजदरबारापर्यंत पोचला, आणि १८९२ मध्ये टांगानिकातल्या उरांबो इथे वारला. ज्या झाडावर त्याने नाव कोरलं ते १८९९ मध्ये तोडलं, आणि कोरलेला तेवढा तुकडा लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवला.

"अक्षर कसं होतं त्याचं?" मावशी म्हणाली.

मी फोनवर त्याच्या रोजनिशीचं पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला.